रिव्होली खड्याला मण्यांचं कोंदण: आकडे, ताण आणि बाकीच्या कटकटी

सुईदोरा

फोरमवर मण्यांच्या दागिन्यांच्या प्रत्येक धाग्यात (म्हणजे चर्चेत) एक प्रश्न हमखास येतो: "१४ मिमीच्या रिव्होलीला मणी किती घ्यायचे?" कोणीतरी आकडा सांगतं, आकडा बरोबरही असतो, आणि चार दिवसांनी विचारणारी मंडळी परत हजर. खडा कोंदणात गरगर फिरतोय, नाहीतर मागच्या बाजूने टपकन हातात येतोय. त्यासाठी हा वेगळा धागा.

आकडे आधीच देऊन टाकते, नाहीतर पुढचं कोणी वाचणार नाही. ११/० डेलिका (नळीसारखे बारीक मणी; ११/० हे माप, आकडा मोठा तितका मणी बारीक), पेयोट टाका (विटांसारखे एकाआड एक मणी बसवायचा): १२ मिमीला ३२, १४ ला ३६, १६ ला ४२, १८ ला ४६. काही जणी १२ ला ३० आणि १६ ला ४० घेतात. दोरा सैल ओढायची सवय असेल तर तेही जमतं.

आता खडा नीट बघा. रिव्होली दोन्हीकडून निमुळता असतो. पुढे एक बुटका शंकू, मागे एक बुटका शंकू, आणि दोन्ही जिथे भेटतात ती कड सगळ्यात रुंद. आपलं कोंदण या कडेला कमरपट्ट्यासारखं बसतं. डेलिकांचा पट्टा कडेभोवती राहतो आणि पट्ट्याच्या दोन्ही काठांना लावलेल्या बारीक १५/० मण्यांच्या फेऱ्या आत झुकतात. गोंद नाही, धातूची नखं नाहीत. कोंदणाची दोन्ही तोंडं खड्याच्या व्यासापेक्षा लहान झाली, एवढ्यावरच खडा आत राहतो. त्यामुळे तो निसटला तर ३६ चे ३४ करायला धावू नका. घोळ बहुतेक वेळा शेवटच्या दोन फेऱ्यांत असतो.

१४ मिमीची माझी पद्धत अशी. दोरा साधारण दीड मीटर. ३६ डेलिका ओवायच्या, वीतभर शेपूट सोडायचं आणि पहिल्या दोन-तीन मण्यांतून सुई परत काढून कडं करायचं. गाठ मारत नाही. शेपूट डाव्या हाताच्या बोटांत धरलं की ताण हातात राहतो, आणि गाठ नेमकी त्याच मण्याच्या भोकात जाऊन बसते ज्यातून पुढे सुई काढायची असते. हे ३६ म्हणजे पेयोटच्या पहिल्या दोन फेऱ्या. तिसऱ्या फेरीत एक मणी घ्यायचा, कड्यातला एक सोडायचा, पुढच्यातून सुई काढायची. असे १८ मणी बसतात. फेरी संपली की स्टेप-अप: आधीच्या फेरीच्या पहिल्या मण्यातून आणि लगेच चालू फेरीच्या पहिल्या मण्यातून सुई वर काढायची.

त्यावर १५/० च्या दोन फेऱ्या, प्रत्येकी १८. पहिलीत पट्ट्याचा काठ जेमतेम आत वळतो, दुसरीत वाटी तयार होते. मग खडा ठेवायचा, दोरा मण्यामण्यांतून तिरका फिरवून दुसऱ्या काठाला आणायचा आणि तिथेही १५/० च्या दोन फेऱ्या. शेवटच्या फेरीत प्रत्येक मण्यानंतर दोरा ओढायचा. फेरी पूर्ण झाल्यावर एकदम ओढला तर ताण चार-पाच मण्यांपुरताच पोचतो, पलीकडची बाजू सैलच राहते. फेरी झाली की सुई त्याच १५/० मण्यांतून आणखी एकदा पूर्ण फिरवायची. खडा घट्ट बसतो तो या दुसऱ्या फेरफटक्यानेच, आणि आकडा विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो घेतलेला नसतो.

प्रश्न, शंका, भांडणं खाली.

टाचणी

वाखुसा (वाचनखूण साठवली). शेवटचा परिच्छेद आधी कोणी का नाही सांगितला? मी प्रत्येक वेळी शेवटची फेरी झाली की दोरा आत फिरवून कापत होते.

ठिपका

ताई, मी अगदीच नवीन आहे. स्टेप-अप कुठे करायचा ते मला दिसतच नाही. दोन फेऱ्या झाल्या की सगळे मणी एकसारखे दिसतात, मग अंदाजाने सुई घालते आणि काठावर एक पायरी तयार होते.

सुईदोरा

ठिपका, पहिलं कोंदण तीन रंगांत कर. ३६ ओवताना काळा-पांढरा-काळा-पांढरा असे ओव. तिसऱ्या फेरीला लाल घे. मग फेरी संपली की सुई एका कड्याच्या मण्यातून आणि एका लालमधून वर आली पाहिजे, दुसरा पर्यायच नाही. दागिना म्हणून भयाण दिसेल, पण डोळ्यांना वळण लागेल.

आणि प्रत्येक फेरी सुरू करायच्या आधी १८ मणी मोजून एका झाकणात काढून ठेव. झाकण रिकामं झालं की फेरी संपली. मी अजूनही असंच करते.

कड्यात मणी समसंख्येनेच हवेत हे लिहायचं राहिलं. विषम घेतले तर स्टेप-अप लागतच नाही, फेरी जिन्यासारखी चढत जाते. नळी विणायला ते सोयीचं, पण कोंदणाचा काठ मग कधीच सपाट होत नाही. तुझी पायरी त्यामुळेही असू शकेल. मोजून बघ.

मोजपट्टी

आकडे पाठ करायची गरज नाही, हिशोबाने येतात. डेलिका ११/० ची जाडी साधारण १.६ मिमी आणि लांबी (भोकाच्या दिशेने) १.३ मिमी. दोरा मण्याच्या मधोमध जातो, म्हणजे कड्याचा व्यास खड्याच्या कडेवर न मोजता मण्यांच्या मध्यावर मोजायचा. दोन्हीकडची अर्धी-अर्धी जाडी धरून खड्याचा व्यास अधिक १.६. त्याला ३.१४ ने गुणा, १.३ ने भागा, आणि उत्तराच्या खालची समसंख्या घ्या.

१४ मिमी: १५.६ गुणिले ३.१४ म्हणजे ४९, भागिले १.३ म्हणजे ३७.७. खालची समसंख्या ३६.
१८ मिमी: १९.६ गुणिले ३.१४ म्हणजे ६१.५, भागिले १.३ म्हणजे ४७.३. खालची ४६.

१२ आणि १६ करून बघा, सुईदोरा यांचेच आकडे येतात. वरची संख्या न घेता खालची घ्यायची कारण दोन मण्यांत दोऱ्यापुरती फट राहतेच, तिथे तेवढी लांबी भरून निघते.

निरुद्योगी

दागिन्यांच्या धाग्यावर पाय (३.१४ वाला π)! शाळेतल्या सरांना कळवायला हवं.

बायको मणी ओवते आणि मी हा धागा चोरून वाचतोय. माझा भाबडा प्रश्न: एवढा जीव काढण्यापेक्षा खड्यामागे गोंदाचा एक थेंब टाकला तर?

चिमटा

निरुद्योगी, बायकोच्या सामानाला हात लावण्याआधी विचारलंत हे बरं केलंत. झटपट चिकटणारा गोंद (सायनोॲक्रिलेट) वाळताना वाफ सोडतो आणि ती आजूबाजूला पांढुरकी धूसर होऊन बसते. खड्याची चमक गेलीच म्हणून समजा. शिवाय रिव्होलीच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो, खडा चमकतो तो त्या थरावरून उजेड परत फिरतो म्हणून. गोंद, नख, सुईचं टोक, सगळ्यांपासून त्याला जपायचं. त्या थरावर ओरखडा गेला की पुढून बघताना काळी रेघ दिसते आणि ती पुसता येत नाही.

तयार दागिना पाण्यात बुडवून धुऊ नये तोही याच कारणाने. मऊ कोरडं कापड पुरे.

कातरवेळ

सुईदोरा, लेख उत्तम, एका मुद्द्यावर वाद घालते. तू मागची बाजू आधी विणून खडा ठेवतेस असं दिसतंय. मी पुढची बाजू आधी करते. रिकाम्या कड्यावर विणताना खडा मध्ये येत नाही, दोरा पाहिजे तसा ओढता येतो, मण्यांची भोकं मोकळी असतात, फेरी एकसारखी येते. मग खडा उपडा ठेवायचा आणि धडपड सगळी मागच्या बाजूला. मागे कोण बघतंय?

सुईदोरा

मान्य, फेरी देखणी येते. पण पुढची बाजू शेवटी ठेवली तर किती झाकायचं हे खडा समोर ठेवून ठरवता येतं. १५/० ची एक फेरी झाली की थांबायचं आणि बघायचं. कधी एकच फेरी पुरते आणि पैलू जास्त उघडे राहतात. कधी खड्याच्या कडेला बारीक टवका असतो, तो दुसऱ्या फेरीखाली लपतो. तू आधीच बंद करून टाकलीस की तो निर्णय हातातून गेला.

कातरवेळ

टवका असलेला खडा मी घेतच नाही, पण मुद्दा पटला. मात्र खडे बदलले की तुझी पद्धत जास्त उपयोगी पडेल. जुन्या नमुन्यांत "११२२" असा क्रमांक दिसतो तो स्वारोव्स्की या खड्यांच्या कंपनीच्या रिव्होलीचा. सुटे खडे हौशी कारागिरांपर्यंत पोचवणं बंद करणार हे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं, तेव्हापासून बरेच जण चेक प्रजासत्ताकातल्या प्रेसिओसा कंपनीकडे किंवा बिनानावाच्या खड्यांकडे वळले. सगळ्यांची खोली आणि कडेची जाडी एकसारखी नसते. नमुन्यात दोन फेऱ्या लिहिल्यात म्हणून दोनच घालायच्या आणि मग खडा खुळखुळतो म्हणून नमुना लिहिणारीला बोल लावायचे, हे बंद व्हायला हवं. मागे तिसरी फेरी घाला की.

टाचणी

+१ मागच्या तिसऱ्या फेरीला. मागचं तोंड जितकं लहान तितकी निश्चिंती. तिसऱ्या फेरीला जागा कमी पडते आणि मणी उभे राहतात, तेव्हा मी एकाआड एक जागा मणी न घालता नुसताच दोरा ओढून घेते. १८ च्या जागी ९ मणी.

पोतडी

दोरा कुठला ते कोणीच बोललं नाही. मी नायलॉनच्या साध्या दोऱ्याने केलेलं कानातलं वर्षभराने सैल पडलं.

चिमटा

नायलॉन ताणतं. आधी बोटांनी ओढून, मेण लावून वापरलं तरी थोडं पुढे ताणतंच. कोंदणाला मी ६ पौंडी (तेवढा भार पेलणारी) फायरलाइन वापरतो. मूळ मासेमारीची दोरी आहे, पॉलिथिलीनच्या तंतूंची, जाडी ०.१५ मिमी, ताणत जवळजवळ नाहीच. १५/० मण्यांतून पाच-सहा वेळा जायचं असेल तर ४ पौंडी घ्या. सुई १२ नंबरची, शेवटच्या फेऱ्यांना १३.

तिचे दोष पण सांगतो. धुरकट रंगाची घेतली तर बोटं काळी होतात, आणि पांढऱ्या किंवा पारदर्शक मण्यांत तो काळेपणा उतरतो, म्हणून आधी कापडातून ओढून घ्या. गुळगुळीत असल्याने साधी गाठ घसरते. गाठीवर विसंबण्यापेक्षा दोरा दिशा बदलत चार-पाच वळणांनी मण्यांत फिरवा. आणि चांगली कात्री अजिबात वापरू नका, तिची धार जाईल. सुईत ओवण्याआधी टोक चपट्या पक्कडीने दाबलं की पटकन जातं.

सुई १५/० मध्ये अडली तर पक्कडीने ओढायचा मोह होतो. तो मणी फुटतो, हमखास. आणि तो मधल्या फेरीतला निघतो, तोही हमखास.

ठिपका

चिमटा दादा, एक मणी चुकून जास्त गेला असेल तर तो मुद्दाम फोडता येतो का? उसवायचा कंटाळा आलाय.

चिमटा

येतो, पण बाहेरून पक्कडीने दाबून नको. काचेचे तुकडे आत घुसून दोरा कापतात. टोकदार सुई किंवा टोच्या मण्याच्या भोकात घालून हळूहळू दाबत जायचं, म्हणजे मणी आतून बाहेर फुटतो. दोरा एका बाजूला सारून घे, वर हात धर, डोळ्यांपासून लांब ठेव. मात्र पेयोटच्या मधल्या फेरीतला एकच मणी फोडलास तर तिथे भोक राहील. हा इलाज कड्यात ३७ ओवले गेले आणि तिसरी फेरी अजून सुरू व्हायची आहे अशा वेळचा. पुढे गेली असशील तर उसव.

पोतडी

माझ्याकडे गोल ११/० मणी भरपूर आहेत. डेलिकाऐवजी ते चालतील?

मोजपट्टी

चालतील, आकडा वेगळा येईल. डेलिका नळकांड्यासारखी, भिंत पातळ, भोक मोठं, म्हणून विटांसारखी चपखल बसते. गोल मणी जाडीला २ मिमीच्या आसपास आणि फुगीर. दहा मणी सुईवर ओवा, लांबी मोजा, दहाने भागा आणि तो आकडा सूत्रात १.३ च्या जागी घाला. १.६ च्या जागी त्याची जाडी.

डेलिकातही एकाच नंबरचे सगळे रंग सारखे नसतात बरं का. धातूचा मुलामा दिलेले किंचित जाड, मॅट केलेले किंचित बारीक. ३६ मण्यांत तो फरक साठत जातो. नवा रंग आला की कडं ओवून खड्याच्या कडेवर चढवून बघायचं. बोटाने ढकलून जेमतेम उतरलं पाहिजे. आपोआप घसरून खाली पडत असेल तर दोन मणी कमी करा.

कातरवेळ

मुलाम्याचं निघालंच आहे तर, गॅल्व्हनाइज्ड मणी पाठीमागच्या फेऱ्यांना नका वापरू. कातडीला घासून वर्ख उडतो आणि खाली फिकट काच उरते. पुढच्या बाजूला वापरायचे तर ड्युराकोट प्रकारचे (टिकाऊ लेप दिलेले) बघा, ते बरेच टिकतात.

सुरवंट

माझा प्रश्न जरा आडवळणाचा. माझ्याकडे रिव्होली नाहीत, खरेखुरे स्फटिक आहेत. क्वार्ट्झची टोकं, एक फ्लोराइटचा अष्टफलक आणि सेलेनाइटची कांडी. कोणालाच गोल कड नाही. यांना कोंदण करता येतं का?

सुईदोरा

येतं, पण वरचे सगळे आकडे बाजूला ठेव. क्वार्ट्झच्या टोकाला पेयोट घट्ट बसत नाही, कारण खड्याची जाडी वर-खाली बदलते आणि पेयोटचा पट्टा तेवढा हलत नाही. तिथे जाळीचा टाका घे. स्फटिकाच्या सर्वांत जाड भागाभोवती कडं कर, मग तीन-तीन किंवा पाच-पाच मण्यांच्या कमानी घालत ये. जिथे स्फटिक बारीक होतो तिथे कमानीतले मणी पाचाचे तीन, तिनाचा एक. टोक उघडं ठेव आणि बुडाशी जाळी पूर्ण बंद कर. जाड भागाच्या दोन्ही बाजूंना जाळी आवळली गेली पाहिजे, नाहीतर स्फटिक टोकाकडून सरकून बाहेर येईल.

मोजपट्टी

सुरवंट, कठिणपणा लक्षात ठेवा. मोहस मापावर क्वार्ट्झ ७, काच साडेपाचच्या आसपास, फ्लोराइट ४, सेलेनाइट २. म्हणजे क्वार्ट्झला काचेच्या मण्यांचं काही भय नाही. फ्लोराइटवर मणी हलत राहिले तर कडा पांढुरक्या पडतील. सेलेनाइटवर तर नखानेही ओरखडा उठतो, आणि पाण्यानेही त्याचा पृष्ठभाग खराब होतो. अंगावर घालायच्या दागिन्यात ती कांडी नकोच.

सुरवंट

मग सेलेनाइट खिडकीत. फ्लोराइटला काय करू? फेकवत नाही.

टाचणी

फ्लोराइट मी भरतकामाच्या पद्धतीने बसवेन. अष्टफलक दोन्हीकडून टोकदार असतो, तेव्हा तो तसाच नाही. पण सपाट पाठीचा तुकडा मिळाला तर ताठ फेल्टवर चिकटवायचा, कडेभोवती मण्यांची उलट टीप घालायची (दोन मणी पुढे, एकातून मागे), बेरीज सम ठेवायची आणि त्या ओळीवर पेयोट चढवत न्यायचं. शेवटची फेरी १५/० ची, म्हणजे काठ आत वळतो. इथे खडा हलत नाही म्हणून घासला जात नाही. फेल्टची पाठ अल्ट्रास्वेडने (कृत्रिम स्वेड कापडाने) झाकली की झालं. इथे गोंद लागतो, निरुद्योगी यांना कळवा.

निरुद्योगी

कळलं. एकदा तरी मी बरोबर ठरलो.

पोतडी

आणि लंबगोल? १८ बाय १३ मिमीचा आहे.

मोजपट्टी

दोन्ही मापांची सरासरी १५.५ धरा आणि तेच सूत्र. ४१.३ येतं, म्हणजे ४० ने सुरुवात करा. लंबगोलात टोकांकडे १५/० चे मणी दाटतात आणि लांब बाजूंना सैल पडतात, तेव्हा दुसऱ्या फेरीत दोन्ही टोकांना एकेक जागा रिकामी ओढून बघा. चौकोनी कुशनला (गोलसर कोपऱ्यांच्या खड्याला) हेच चारही कोपऱ्यांत.

ठिपका

झालं!! तीन रंगांत, ताई म्हणाल्या तसं भयाण, पण खडा हलवला तरी हलत नाही. दुसरा फेरफटकाही घेतला आणि खरंच शेवटी मणी आवळले गेल्याचं बोटांना कळलं. आता १२ मिमीचे दोन करून कानातलं करायचंय. हूक अडकवायला कडी कुठून काढू? पुढच्या १५/० च्या फेरीतून काढली तर छान दिसेल असं वाटतंय.

सुईदोरा

शाब्बास! भयाण असलं तरी जपून ठेव, पुढच्या वेळी फेऱ्या मोजायला उपयोगी पडेल.

कडी १५/० मधून नको. हूक ओढला की ताण थेट कोंदणाच्या तोंडावर येतो आणि तिथेच ते उघडतं. दोरा मधल्या डेलिकांच्या फेरीत आण, शेजारच्या दोन उंच मण्यांमध्ये १५/० चे सात मणी घालून कमान कर आणि त्या कमानीतून निदान तीन वेळा सुई फिरव. दोरा वीतभर उरला असेल तर तोच वापर, नवा जोडू नकोस. आणि दोन्ही कानातल्यांना मणी एकाच पुडीतले घे.